थंडीत पहाटे गळ टाकायला बसताना काय घालावे

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंचगंगेवर किंवा एखाद्या बंधाऱ्यावर गळ टाकून बसले की दोन स्वेटर आणि मफलर असूनही हुडहुडी भरते, पाय बधिर होतात, बोटांनी गाठ बसत नाही, आणि दहा वाजले की त्याच कपड्यांत घामाच्या धारा लागतात. शिवाय मार्चमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी जायचा बेत आहे. तिथे हेच कपडे चालतील का?

आधी कोल्हापूरचे बघू. इथे थंडीत किमान तापमान बहुतेक दिवस 14-15 अंशांच्या आसपास असते. गारठ्याची लाट आली तर 10-12 पर्यंत उतरते आणि दुपारी पारा पुन्हा 28-30 वर जातो. एवढ्या थंडीत चालत्या माणसाला एक स्वेटर पुरून उरतो. गळ टाकणारा मात्र तीन-तीन तास जागचा हलत नाही. बसतो घाटाच्या दगडी पायरीवर, पाय दवाने भिजलेल्या गवतात, हात सारखे ओले. त्यामुळे कपडे किती जाड आहेत याला फार महत्त्व नाही. अंग कोरडे राहते का, वारा अडतो का आणि खालून गारठा चढतो का, एवढेच बघायचे. दोन स्वेटर घालूनही माणूस काकडतो तेव्हा या तिन्हींपैकी काहीतरी सुटलेले असते आणि तिसरा स्वेटर चढवून ते भरून निघत नाही.

बहुतेकांची थंडी नदीवर सुरूच होत नाही, ती गाडीवर सुरू होते. पहाटे पाचला मोटारसायकलवरून राधानगरी रस्त्याने किंवा शिरोळकडे निघाले आणि हवा 10 अंश असली, तर ताशी 50 किलोमीटर वेगाला उघड्या कातडीला ती साधारण 5-6 अंशांसारखी लागते. विणलेल्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, मग तो कितीही जाड असो. माणूस पाण्यावर पोचतो तोच गारठून, आणि मग एका जागी बसून ती ऊब परत येत नाही. यावर उपाय घरातच टांगलेला असतो: पावसाळ्यातला रेनकोट, पँटसकट. तो स्वेटरच्या वरून घालायचा आणि पोचल्यावर काढून ठेवायचा. रेनकोट नसेल तर स्वेटर आणि वरच्या जाकिटाच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राचे चार-पाच पदर घातले तरी वारा अडतो. हातमोजे गाडीवरच घाला. हॅण्डलवर बोटे एकदा गारठली की पुढचा तासभर तरी गळाची गाठ विसरा. गुडघ्यांकडे कुणाचे लक्ष नसते, पण गाडीवर सगळा वारा तिथेच आपटतो.

आता अंगाला चिकटून काय घालायचे. सुती बनियन नको, आणि त्यावर सुती शर्ट तर नकोच. सूत घाम आणि दव दोन्ही पिते आणि सोडत नाही. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणजे ओले बनियन अंगाला लागून असेल तर वरचे सगळे लोकरीचे कपडे त्याला गरम करण्यात खर्ची पडतात. पाण्यापर्यंत सामान घेऊन उतरताना पाठीला थोडा घाम येतोच, तोच अर्ध्या तासाने पाठीत गारठा बनून बसतो. बाजारात 'थर्मल' म्हणून मिळणाऱ्या कपड्यांतही सुताचे प्रमाण बरेच असू शकते, म्हणून आतली पट्टी वाचून घ्या. पॉलिएस्टर जास्त आणि सूत कमी, असा पाहिजे. मेरिनो लोकरीचा पातळ इनर सगळ्यात उत्तम, पण महाग.

कोल्हापुरात यावर पैसे खर्च करायची खरे तर गरज नाही. ज्या शहरात पेठापेठांतून फुटबॉल खेळला जातो, तिथे घरात एखादी पूर्ण बाह्यांची पॉलिएस्टरची जर्सी आणि गुडघ्यापर्यंतचे स्टॉकिंग निघतेच. जर्सी घाम शोषून धरत नाही, पसरवून वाळवते. ती अंगाला बेताची बसणारी हवी. ढगळ असेल तर आतून हवा खेळते आणि ऊब टिकत नाही. खाली पॉलिएस्टरची ट्रॅकपँट, तिच्यावर दुसरी थोडी सैल पँट. जीन्स पूर्ण बाद. दवाने पोटरीपर्यंत भिजलेली जीन्स दुपारपर्यंत वाळत नाही.

मधला थर ऊब धरायचा. फ्लीस (पॉलिएस्टरचे मऊ, केसाळ कापड) घेणार असाल तर 200 जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचे, इथे भरपूर झाले. 300 चे उगाच, साडेआठला काढावे लागेल. स्वेटर असेल तर लोकरीचा आहे का ते तपासा, कारण थंडीत लागणाऱ्या स्टॉलवरचे बरेचसे स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. आतल्या शिवणीतून एक धागा काढून तो पेटवा: लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की विझते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. ॲक्रिलिक वाईट नाही, पण दमट झाल्यावर लोकरीसारखी ऊब देत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेते तरी हाताला ओली लागत नाही. नदीकाठच्या धुक्यात हाच फरक जाणवतो. मधला थर पुढून चेनचा असावा. डोक्यातून काढायचा स्वेटर, डोक्यावर कानटोपी, हातात रॉड आणि नेमका त्याच वेळी दोरा ताणलेला, ही कसरत एकदा केली की चेनचे महत्त्व कळते.

दोन स्वेटर एकावर एक घालताना आणखी एक घोळ होतो. ऊब लोकरीत नसते, तिच्यात अडकलेल्या हवेत असते. आतला स्वेटर बाहेरच्याने करकचून दाबला की हवा निघून जाते आणि दोन मिळून एकाएवढेच काम करतात. बाहेरचा कपडा एक माप मोठा घ्या. खांदा पूर्ण मागे नेऊन गळ फेकून बघा. बगलेत ओढ लागली तर तो कपडा मासेमारीला कामाचा नाही.

सगळ्यात वरचा थर वाऱ्याचा: साधे विंडचीटर. नदीवर बसताना अंगात पूर्ण रेनकोट नको, आतला घाम बाहेर पडत नाही. बगलेत चेन असलेले जाकीट मिळाले तर चांगलेच. बंधाऱ्यावर उभे राहणार असाल तर मात्र वाऱ्याची सोय आधी बघा. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबते, खाली पडणाऱ्या पाण्याचे तुषार उडतात आणि पात्रातून येणारा वारा थेट लागतो. तिथले दहा मिनिटांचे उभे राहणे काठावरच्या तासाभराच्या बसण्याएवढे गारठवते. काठाला उसाचा फड किंवा बांधाची आड मिळत असेल तर पन्नास पावले बाजूला सरकण्याने जे साधते ते जाकिटाने साधत नाही.

दवाचा मुद्दा वेगळा काढतो, कारण तो कुणी धरत नाही. निरभ्र पहाटे उघड्या आभाळाखाली असलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता आभाळाकडे फेकत असते. गाडीची सीट, गवत आणि तुमचे खांदेसुद्धा. म्हणून सीट हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव साचते. बसलेल्या माणसाच्या खांद्यावर आणि टोपीवर तासाभरात हात फिरवला तर ओल लागते, ती याचीच. पाऊस नसला तरी मोठी छत्री काठावर रोवून तिच्याखाली बसा, किंवा दाट झाडाखाली जागा धरा. छत्री दव अडवते आणि वरून जाणारी ऊबही राखते. हा फुकटातला आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय.

आपल्या भागातली घोंगडी यात कुठे बसते, हेही सांगतो. दख्खनी मेंढीच्या खरखरीत लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही आणि शेकोटीची ठिणगी पडली तर पेट घेत नाही. पण खोळ करून डोक्यावरून घेतली की हात मोकळे राहत नाहीत, आणि गळ तिच्या लोकरीत असा रुततो की कापूनच काढावा लागतो. तिची जागा दोन ठिकाणी: चौपदरी करून बुडाखाली, किंवा बसल्यावर मांड्यांवर. ती अंगावर घेऊन पाण्याच्या कडेला उभे राहू नका. पाण्यात पडले तर भिजलेली घोंगडी माणसाला वर येऊ देत नाही.

बुडाखालचे आणि पायाखालचे काम थोडे बारकाईने करा, कारण सगळ्यात जास्त ऊब इथूनच जाते. रात्रभर गार झालेला काळा दगड उष्णता खेचतच राहतो आणि तिथे तुमच्या वजनाने कपडे दाबले गेलेले असतात, म्हणजे त्यांच्यात हवाही उरत नाही. दबणारी वस्तू इथे चालत नाही. न दबणारी हवी. योगासनांच्या फोमच्या चटईचा 40 बाय 40 सेंटिमीटरचा तुकडा दुमडून घ्या, किंवा थर्माकोलच्या खोक्याचे झाकण गोणपाटात शिवून घ्या. फोल्डिंगचे लोखंडी स्टूल आणले तरी त्याच्या कापडावर हा तुकडा पाहिजेच, खालून वारा लागतो. तसाच दुसरा तुकडा पायाखाली. बुटात कितीही मोजे कोंबले तरी तळव्याखाली हा थर नसेल तर सात वाजेपर्यंत अंगठे बधिर होणार.

पायांत काय? काठ चिखलाचा असेल तर गमबूट, पण रबर गार असते आणि आतला घाम बाहेर जाऊ देत नाही. एक माप मोठा गमबूट घ्या, त्यात नमद्याचा किंवा फोमचा सुटा तळ टाका, मग आत पातळ पॉलिएस्टरचा मोजा आणि त्यावर एकच जाड लोकरीचा. दोन जाड मोजे घालून बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतो. बोटे बुटात हलवता आली पाहिजेत ही खूण. दोन मोज्यांच्या मध्ये प्लॅस्टिकची पिशवी घालण्याची युक्ती चालते. त्याने बाहेरचा मोजा कोरडा राहतो. पण दोन-तीन तासांपुरतीच, नंतर आतला मोजा घामाने ओला होतो. घरून निघताना घातलेले मोजे गाडीवर थोडे दमट झालेले असतात. पाण्यावर पोचल्यावर पिशवीतला कोरडा जोड घालणे हा दोन मिनिटांचा त्रास आहे आणि तो सकाळ वाचवतो. चपला घालून जाणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

हातांची गोष्ट जरा विचित्र आहे. पहाटे पंचगंगेवर वाफ तरंगताना दिसते, कारण त्या वेळी पाणी हवेपेक्षा बरेच उबदार असते. हात बुडवला की बरे वाटते, आणि बाहेर काढला की मिनिटभरात बोटे आखडतात. बोटांवरचे पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, एका ग्रॅममागे जवळपास 580 कॅलरी, आणि ती तुमच्या रक्तातूनच जाते. तेव्हा मुख्य काम हात पुसण्याचे. कमरेला पट्ट्यात एक सुती नॅपकिन खोचून ठेवा (सुताचा उपयोग इथे, अंगात नव्हे) आणि दुसरा कोरडा पिशवीत. दर वेळी आमिष लावून झाले की बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून मगच हातमोजे घाला.

हातमोजे लोकरीचे, अंगठा आणि पहिली दोन बोटे पेरापर्यंत कापलेले. कापलेली कड सुईने दुमडून घ्या, नाहीतर उसवते आणि तो धागा रीळमध्ये जातो. जुन्या स्टॉकिंगचा सहा इंचांचा तुकडा कापून मनगटावर चढवा. मनगटाला रक्तवाहिन्या कातडीलगत असतात, तिथे झाकले की बोटांना फरक पडतो. कणकेचे आमिष लावणाऱ्यांनी गोळ्या घरीच वाटाण्याएवढ्या करून डब्यात न्याव्यात. गांडुळासाठी हातावर पातळ नायट्राइलचा (दवाखान्यात वापरतात तसा रबरी) मोजा घातला तर माती आणि ओल दोन्ही लांब राहतात, वास दोऱ्याला लागत नाही. आणि गळ घरीच बांधून न्या: पाच-सहा तुकडे तंगुसाला गळ बांधून, गुंडाळून, दुसऱ्या टोकाला फास करून. पाण्यावर फक्त स्विव्हलच्या चापात अडकवायचे. थंडीत बांधलेली गाठ नीट आवळली जात नाही आणि मोठा कटला लागला की नेमकी तिथेच सुटते.

डोक्यातून अंगातली निम्मी उष्णता जाते असे सांगतात, ते काही खरे नाही. डोके अंगाच्या पृष्ठभागाच्या दहाएक टक्के आहे, त्या हिशोबातच जाते. पण बाकी सगळे झाकून डोके उघडे ठेवले तर त्याचा वाटा वाढतो, एवढे खरे. साधी कानटोपी पुरे. हेल्मेटखाली बसेल अशी पातळ घ्या. मफलरबद्दल मात्र इशारा: त्याचे मोकळे टोक गाडीच्या चाकात जाऊ शकते आणि काठावर मागे फेकलेल्या गळात हमखास अडकते. टोके जाकिटाच्या आत खोचा, किंवा मफलरऐवजी गळ्यात घालायची नळीसारखी पट्टी वापरा.

साडेआठ-नऊला ऊन आले की थर उतरवायचे, आणि घाम यायच्या आधी. वरचे विंडचीटर काढा, मग मधली चेन उघडा, मग मधला थर. काढलेले कपडे ओल्या गवतावर टाकू नका, झाकण असलेल्या पिशवीत भरा. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर सहानंतर तेच लागणार आहेत.

इथे एक सांगणे भाग आहे. रोहू, कटला, चिलापी थंडीत पहाटे मंदावतात. पाणी गार असताना त्यांचे खाणे कमी होते, आणि उथळ भागात ऊन पडून पाणी जरा तापले की, म्हणजे साधारण नऊ-दहापासून दुपारपर्यंत, ते चांगले लागतात. उन्हाळ्यातली पहाटेची सवय डिसेंबरातही चालवली जाते आणि निम्मी थंडी त्या हट्टापायी सोसली जाते. वामेसाठी रात्री बसणाऱ्यांची गोष्ट निराळी, त्यांना वरचे सगळे लागेल. जागा निवडताना धरणांचे पाणी बहुधा मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असते आणि राधानगरीचा फुगवटा अभयारण्यात येतो, हेही ध्यानात असू द्या.

शेकोटी पेटवणार असाल तर उसाच्या फडापासून लांब, ठिणग्या वाऱ्याने फडाकडे जाणार नाहीत अशा बाजूला. वाळलेले पाचट एका ठिणगीने पेटते. अंगात फ्लीस किंवा पॉलिएस्टर असेल तर आगीपासून दोन हात दूर बसा, ठिणगीने भोक पडते आणि वितळलेला भाग कातडीला चिकटतो. थर्मासात चहा न्या, सोबत शेंगदाण्याचा लाडू किंवा गूळ-भाकरी. अंगाने ऊब करायची तर त्याला जळण द्यावे लागते. दारूने थंडी जाते हा समज घातक आहे. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटते, आणि आतली उष्णता बाहेर पडते.

पिशवीत एक कोरडा संच कायम ठेवा: जर्सी, ट्रॅकपँट, मोजे, टॉवेल, सगळे प्लॅस्टिकमध्ये बांधून. पाय घसरून पाण्यात पडलात तर पाणी तसे फार गार नसते, धोका बाहेर आल्यावर वाऱ्यात असतो. ओले कपडे सगळे उतरवा, अंग पुसा, कोरडे घाला, गरम गोड चहा घ्या. ओल्या कपड्यांवर जाकीट चढवून गाडी मारत घरी येऊ नका. माणूस अडखळत बोलू लागला, हातातल्या वस्तू सुटू लागल्या, किंवा गार असूनही थरथर थांबून तो गोंधळल्यासारखा झाला तर चोळत बसू नका, गुंडाळून दवाखान्यात न्या.

आता तीर्थन. वरचे तिन्ही थर तिथेही चालतात, फक्त मधल्या थरात 200 ऐवजी 300 चे फ्लीस आणि थांबल्यावर अंगावर टाकायला एक पफर जाकीट हवे. पफर पिसांचे असेल तर ओले होऊ देऊ नका, भिजले की त्याची ऊब संपते. नदीवर कृत्रिम भरणाचे बरे. फरक पाण्याचा आहे. मार्चमध्ये त्या नदीला बर्फ वितळून आलेले पाणी असते, त्यात गमबूट आणि ट्रॅकपँट घालून उतरायचे नाही. छातीपर्यंतचे वेडर (पाणी आत न येणारी, पाय झाकणारी पँट) लागतात. निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) 3-4 मिलिमीटर जाडीचे स्वतःच ऊब धरतात, पण चालताना घाम काढतात. हवा खेळणारे पातळ वेडर घेतले तर आत फ्लीसची पँट घाला. दोन्हींत सुती काही नको. कमरेला वेडरचा पट्टा घट्ट बांधल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. पडलात तर पट्टा पाणी आत भरण्याचा वेग कमी करतो. गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि प्रवाह जोराचा असेल तर पुढे जाऊ नका. बर्फाचे पाणी दुपारनंतर वाढते, म्हणून सकाळी सहज ओलांडलेला प्रवाह परतताना तसाच असेल असे धरू नका. हिमाचलात ट्राउटची मासेमारी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत बंद असते, त्यामुळे मार्चचा बेत बरोबर आहे. परवाना मत्स्य विभागाकडून पाण्यावर जायच्या आधी काढा. हातमोजे मात्र लोकरीचे नेऊ नका, निओप्रीनचे 2 मिलिमीटरचे न्या. तिथे मासा सोडताना हात पाण्यात जास्त वेळ राहतो, आणि लोकरीच्या मोज्याने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. सोडायच्या माशाला धरायचे ते मोजा काढून, ओल्या हाताने.